खिळे काढलेलं लाकूड



आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक ३० व ३१.

भगवंत सांगतात, माणूस कितीही दुराचारी असो, तो अनन्य भावाने मला भजू लागला की त्याला साधूच मानावे; कारण त्याचा निश्चय योग्य झाला आहे. आणि लगेच पुढे म्हणतात, असा माणूस लवकरच धर्मात्मा होतो.

क्रम बघा हं. आधी 'मानावे', मग 'होतो'. आपलं उलटं असतं. आधी सुधारून दाखव, मग बघू! आणि 'मानावे' हे सांगणं कोणाला आहे? चुकलेल्या माणसाला नाही. त्याच्याकडे बघणाऱ्या तुम्हा-आम्हाला आहे.

माझा भाचा व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला, त्याला आठ महिने झाले. दारू सुटली. पण तो घरात आला की कोणीतरी कपाटाची किल्ली हळूच उचलतं. त्याला ते दिसतं.

गावचं जुनं घर उतरवलं तेव्हाचे सागाचे वासे आणि एक चौकट पडून होती. त्यातून पोथी वाचायला टेबल करायचं आम्ही दोघांनी ठरवलं. पहिले दोन रविवार नुसते खिळे उपटण्यात गेले. जुन्या लाकडात घाई चालत नाही. आत एक जरी खिळा राहिला तरी रंध्याचं पातं खराब होतं. म्हणून आधी चुंबक फिरवायचं, मग रंधा मारायचा. वरचा काळपट थर निघाला आणि खाली सोनेरी साग! शिवाय इतकी वर्षं वाळलेलं लाकूड ओल्या लाकडासारखं नंतर वाकडं होत नाही.

खिळ्यांची भोकं भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरत होतो. भाचा म्हणाला, "मामा, डाग दिसणारच."

म्हटलं, "दिसू देत की. वजन पेलतंय ना?"

तो जरा थांबून म्हणाला, "माझ्याबद्दल असं कोणी म्हणत नाही."

सज्जनहो, हे दोन श्लोक त्याच्यासाठीच आहेत, आणि आपल्यासाठीही. विश्वास ठेवणं म्हणजे डोळे मिटणं नव्हे. चुंबक आम्हीही फिरवलंच. भाचाही तपासणी आणि बैठका चुकवत नाही, चुकवूही नयेत. पण खिळा शोधणं वेगळं आणि लाकूड सरपणात टाकणं वेगळं. खिळा शोधणाऱ्याच्या मनात टेबल आधीच तयार असतं.

परवा आमच्या हिने त्याच्याच हातात किल्ली दिली. म्हणाली, "कपाटातून पोथी काढून आण रे."

आपल्याही घरात असं कोणी असेल, तर आज त्याच्याकडे एक छोटंसं काम विश्वासाने सोपवा. देवा, तुझी नजर थोडी आम्हालाही दे.

राम कृष्ण हरी!