गाडी कुणासाठी जपायची?



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात थोडा वेळ गप्पा होतात. मुलांच्या परीक्षा, लोकलची गर्दी, पाण्याची टंचाई असे फिरत फिरत विषय बहुधा गाड्यांवर येतो. मध्यंतरी अशाच गप्पांत डोंबिवलीचे एक गृहस्थ आम्हांला म्हणाले, "गाडी घेतली खरी, पण ती माझी आहे असं काही वाटत नाही." त्यांच्या परवानगीने, नाव न घेता, त्यांची हकिकत येथे सांगत आहोत. गाडी त्यांची असली तरी प्रश्न आपल्या सर्वांचा आहे.

या गृहस्थांनी तीसएक वर्षे एमआयडीसीत नोकरी केली. लहानपणापासून स्पोर्ट्स कारचे वेड. परंतु घराचे कर्ज, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न यांत ते वेड मागे पडत गेले. निवृत्तीनंतर सर्व जबाबदाऱ्या पार पडल्या, तेव्हा त्यांनी जुन्या बाजारातून एक लाल रंगाची, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. पहिले दोन महिने ते भल्या पहाटे उठून कल्याण-शीळ रस्त्यावर चक्कर मारून येत. मग जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक ओळखीचा माणूस त्यांना म्हणाला, "काका, ही गाडी आता नवी मिळत नाही. जास्त चालवू नका. मीटर कमी ठेवलात तर पाच वर्षांनी चांगला भाव येईल."

त्या दिवसापासून गाडीवर कव्हर चढले. पावसात ती काढायची नाही, कारण चिखल. घोडबंदर रोडला न्यायची नाही, कारण खड्डे. बाजारात न्यायची नाही, कारण कुणी ओरखडा काढील. नातवाला आत बसून बिस्कीट खायचीसुद्धा बंदी. दर रविवारी दहा मिनिटे इंजिन सुरू करायचे, बंद करायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे.

त्यांचे थोरले भाऊ ठाण्यात राहतात. गाड्यांचे वेड मुळात त्यांनीच धाकट्याला लावलेले. ते म्हणत, "एकदा मला माळशेजला ने रे." धाकटे म्हणत, "नेतो दादा, पावसाळा संपू दे." मग, "नेतो दादा, रस्ता नीट होऊ दे." अशी पाच वर्षे गेली. यंदा अखेर जायचे ठरले. स्पोर्ट्स कारची सीट किती खाली असते हे आपण पाहिले असेल. दादा कसेबसे आत बसले. पण गुडघे इतके दुखू लागले की दोघांनी धरून त्यांना बाहेर काढावे लागले. माळशेज राहिलेच. दादा हसून म्हणाले, "अरे, गाडीचा भाव राहिला. माझाच उतरला."

हे सांगताना त्या गृहस्थांचे डोळे भरून आले होते.

आता कुणी म्हणेल, हा श्रीमंतांचा प्रश्न. आम्हांला काय त्याचे? परंतु आपल्या घरात डोकावून पाहू या. नव्या गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक कितीतरी महिने निघत नाही. पाहुण्यांसाठी आणलेल्या कपबशा कपाटातच राहतात. ठेवणीतली साडी घडीवरच विरते. आपण वस्तू घेतो स्वतःसाठी, आणि जपतो मात्र दुसऱ्या कुणासाठी तरी. गाडीच्या बाबतीत तो 'दुसरा' म्हणजे पुढचा ग्राहक. त्याला आपण पाहिलेले नाही, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. तरीही त्याच्यासाठी आपण सख्ख्या भावाला नाही म्हणतो.

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याने आपल्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागात चपलेचे साधे उदाहरण दिले आहे. चपलेचे दोन उपयोग असतात: ती पायात घालता येते आणि तिच्या बदल्यात दुसरे काही घेता येते. दोन्ही उपयोग चपलेचेच. पण चप्पल बनवली गेली ती पायासाठी, बदल्यासाठी नव्हे. गाडीचेही तसेच आहे. तिला विक्रीची किंमत आहे हे खोटे नाही. परंतु ती किंमत तिला आली, कारण कुणाला तरी ती चालवायची असते. कुणीच चालवणार नसेल तर ते लोखंड आणि रबर विकत कोण घेईल?

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. आपण नोकरदार माणसे. गाडी म्हणजे कष्टाचे पैसे. अडीअडचणीला, आजारपणाला ती विकावी लागली तर चार पैसे अधिक यावेत असे वाटण्यात पाप नाही. वस्तू जपणे हा सद्गुणच आहे. नवे घेऊन वर्षात मोडीत काढणाऱ्यांपेक्षा जुने सांभाळून वापरणारा माणूस केव्हाही चांगला. तेव्हा प्रश्न जपण्याचा नाही. कशासाठी जपायचे, हा आहे.

आणि न वापरता जपल्याने वस्तू खरोखर जपली जाते का? गाडीच्या विम्याचा कागद काढून पाहा. त्यावर आयडीव्ही म्हणून एक रक्कम असते. ती ठरवण्याच्या प्रचलित तक्त्यात सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के घट धरतात, एक वर्षापर्यंत १५ टक्के, आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. त्या तक्त्यात किलोमीटरचा रकानाच नाही! गाडी माळशेजला गेली काय किंवा कव्हरखाली राहिली काय, घट तेवढीच.

गॅरेजवाल्यांना विचारा, ते आणखी सांगतील. उभ्या गाडीची बॅटरी उतरते. टायर एकाच जागी दबतात आणि रबर कडक होते. टायरच्या बाजूवर तो बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते, ते याचसाठी. टाकीतले पेट्रोल शिळे होते, आणि इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेते. आपल्या दमट हवेत ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढतो. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात. दर रविवारी दहा मिनिटे इंजिन सुरू केल्यानेही विशेष लाभ नाही, कारण ऑइल पुरते तापून त्यातला ओलावा निघून जायला गाडी रस्त्यावर चालावी लागते. म्हणजे चालण्यासाठी बनवलेली वस्तू उभी ठेवली, तर ती चालली नाही म्हणूनच बिघडते.

शिवाय बाजारभाव आपल्या मुठीत कधीच नसतो. आपल्याच भागातले उदाहरण घ्या. कुर्ल्याला फियाट आणि पुढे पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीने १९९० च्या दशकात फ्रान्सच्या पूजो कंपनीबरोबर आपल्या कल्याणच्या कारखान्यात 'पूजो ३०९' ही गाडी काढली. लोकांनी हौसेने घेतली. काही वर्षांतच तो संयुक्त उद्योग बंद पडला. सुटे भाग मिळेनात. कव्हर घालून जपलेल्या गाडीचा भाव मग मालकाने कसा टिकवायचा? ज्यांनी त्या गाडीतून मुलाबाळांना फिरवून आणले, त्यांच्या हाती निदान आठवणी राहिल्या. त्याच प्रीमियरच्या पद्मिनी काळ्या-पिवळ्या टॅक्सी होऊन मुंबईभर रात्रंदिवस राबल्या. त्यांतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक हळहळले. भाव राखलेली गाडी जात होती म्हणून नव्हे. आपल्या बाळाला इस्पितळातून घरी आणणारी, भर पावसात स्टेशनला सोडणारी गाडी जात होती म्हणून.

काही स्पोर्ट्स कारचा भाव वाढतो, हेही खरे. १९६२ सालची एक फेरारी २५० जीटीओ २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरना गेली. परंतु याच जातीची एक गाडी पिंक फ्लॉइड या वाद्यवृंदाचे ड्रमवादक निक मेसन यांच्याकडे १९७० च्या दशकापासून आहे, आणि ते ती शर्यतींत चालवत आले आहेत. इतक्या मोलाची गाडी चालवायला जो माणूस भीत नाही, त्याच्यापुढे आपले कव्हर थोडे ओशाळते.

आपल्या महाराष्ट्रातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण सचिन तेंडुलकर यांच्या फेरारीचे. २००२ साली ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्यावर त्यांना लाल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरचे सुमारे १ कोटी १३ लाखांचे आयात शुल्क सरकारने माफ करायचे ठरवले, तेव्हा २००३ मध्ये गदारोळ झाला. प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. मुंबईच्या रस्त्यांवर काही वर्षे ती गाडी लोकांना दिसली, आणि २०११ मध्ये सचिन यांनी ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. या हकिकतीतून आम्हांला दोन गोष्टी दिसतात. एक, आवडती गाडी चालवावी आणि वेळ आली की हातातून सोडावीही. दोन्हींत कमीपणा नाही. दुसरी, माझ्या आनंदाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून जाता कामा नये.

ही दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे. आनंद घ्यावा याचा अर्थ घोडबंदर रोडवर रात्री शर्यत लावावी, सायलेन्सर बदलून आजारी शेजाऱ्याची झोप मोडावी असा नाही. ज्या आनंदासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात येतो, तो आनंद नसून मस्ती आहे. आणि कर्जाचे हप्ते थकवून, मुलांची फी अडकवून घेतलेली गाडी चालवली काय, जपली काय, दोन्ही चूकच.

बेथानीच्या घरातला प्रसंग येथे आठवतो. एका स्त्रीने मौल्यवान सुगंधी तेल प्रभू येशूवर ओतले. लगेच कुणी तरी हिशेब केला: हे तीनशे दिनारांना विकता आले असते! दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. हिशेब चुकीचा नव्हता. गोरगरिबांचे नावही त्यात होते, आणि गरिबांना प्रभू विसरला नाही. परंतु योहान सांगतो की हिशेब मांडणाऱ्याला गरिबांची पर्वा नव्हती. त्याला तेलाची किंमत कळली; प्रभूचे मरण जवळ आले आहे, हे मात्र दिसले नाही. किंमत अचूक सांगणारा माणूसही वेळ चुकवू शकतो.

मग करावे काय? आम्हांला वाटते, हिशेबच करायचा तर पुरता करावा. समजा, दहा हजार किलोमीटर जास्त चालल्यामुळे ग्राहक एक लाख रुपये कमी देणार आहे. म्हणजे किलोमीटरला दहा रुपये. डोंबिवलीहून माळशेजला जाऊन येणे दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे पेट्रोल सोडून दोन हजार रुपये. पाच वर्षे थोरल्या भावाला नाही म्हटले, ते या दोन हजारांसाठी! भीती कधी आकडा सांगत नाही, म्हणून ती मोठी वाटते. गाडी घेतानाच ठरवावे, की एवढा भाव उतरला तरी चालेल, ती या आनंदाची फी आहे. तेवढी फी देण्याची ऐपत नसेल तर गाडी घेऊच नये. आणि गुंतवणूक म्हणूनच घेतली असेल तर तसे उघड म्हणावे. मग तिच्याकडून आनंदाची अपेक्षा करू नये आणि घरच्यांना वचनेही देऊ नयेत.

वापरण्यासाठी जे जपतो ती निगा. वापरूच नये म्हणून जे जपतो ती राखण. निगा राखणारा मालक असतो. नुसती राखण करणारा रखवालदार, आणि तोही बिनपगारी.

त्या गृहस्थांनी आता कव्हर काढले आहे. दादांना त्या सीटवर बसता येत नाही, म्हणून ते दर शनिवारी स्वतः ठाण्याला जातात, गाडी दादांच्या इमारतीखाली उभी करतात आणि दोघे तलावपाळीवर बसून चहा घेतात. दादांचा नातू मात्र गाडीत बसतो, आणि बिस्कीटही खातो. सीटवर एक डाग पडला आहे. पुढचा ग्राहक त्याचे पैसे कापील.

कापू दे. आपल्या घरातले कुठले कव्हर आपण आज काढणार आहोत?