लेंकरांस समाधान कसें शिकवावें?

शास्त्रपाठ: १ करिंथ १२:१४-२७



करिंथ येथील मंडळींत वरदानांवरून चढाओढ माजली होती. तेव्हां पौलानें तिला शरीराचा दाखला दिला. पायानें हाताचा हेवा करूं नये आणि डोळ्यानें हातास तुच्छ मानूं नये, हें त्याचें तात्पर्य. हेवा व गर्व हीं दोन पापें दिसावयास वेगळीं, पण मूळ एकच: देवानें केलेली वांटणी मनास न पटणें.

हीं पापें लेंकरें बहुधा आपल्याच घरीं शिकतात. 'थोरली गोरी, धाकटी मात्र काळी,' 'भाऊ पाढे घडाघडा म्हणतो, तूं मात्र दगड,' असें आपण सहज बोलून जातों. बोलणारा विसरतो, लेंकरूं विसरत नाहीं. याकोबानें एकट्या योसेफास पायघोळ झगा दिला. त्यापायीं योसेफास खड्डा व दास्य भोगावें लागलें आणि बापाच्या वांट्यास अनेक वर्षांचा शोक आला.

कित्येक घरीं डावखुऱ्या मुलाच्या हातावर छडी बसते. पण शास्ते या पुस्तकांत पाहा. इस्राएलास मवाबाच्या राजापासून सोडविणारा एहूद डावखुरा होता. आणि बन्यामिनी वंशांत सातशें डावखुरे गोफणदार अचूक नेमाबद्दल नांवाजलेले होते. आपण ज्या हातास शिक्षा करितों, त्याच हाताचा देवानें उपयोग केला.

लक्ष्मीबाई टिळक यांस बालपणीं शाळा लाभली नाहीं. अक्षरओळख लग्नानंतर झाली. तरी त्यांनीं पतीसारख्या विद्वत्तेचा आव आणिला नाहीं. आपल्या साध्या घरगुती बोलींत त्यांनीं लिहिलेलीं 'स्मृतिचित्रें' १९३४ सालापासून प्रसिद्ध होऊं लागलीं आणि मराठी वाचक तीं आजहि आवडीनें वाचतात.

येथें एक सावधगिरी पाहिजे. समाधान म्हणजे अपमान गिळणें नव्हे. रंग, हात, वाणी, बुद्धीचा कल हे भेद देवाच्या हातचे, ते स्वीकारावेत. जातीची उच्चनीचता मनुष्याची करणी. ती मुळींच स्वीकारूं नये. १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता रद्द झाली आहे. तरी एकादें मूल टोमणा ऐकून शाळेंतून रडत घरीं येतें. त्यास 'आपण असेच, गप्प बैस' असें सांगणें ही देवाच्या प्रतिरूपाविरुद्ध खोटी साक्ष होय. त्यास जवळ घ्यावें, 'तूं कोणापेक्षां उणा नाहींस' असें सांगावें, आणि गुरुजींकडे जाऊन त्याची बाजू मांडावी. मात्र त्याच मुलानें उद्यां एकाद्या लंगड्या किंवा तोतऱ्या सोबत्याची नक्कल केली, तर त्यासहि तितक्याच गांभीर्यानें आवरावें.

आईबापांनो, या आठवड्यांत एवढें करा. रात्रीं प्रार्थनेच्या वेळीं प्रत्येक लेंकराचें नांव घेऊन, त्यास लाभलेल्या एका दानाबद्दल त्याच्या देखत देवाचे आभार माना. दुसऱ्याशीं तुलना करूं नका. उपदेशक बंधूंनो, शब्बाथ शाळेंत वचनें म्हणावयास नेहमीं एकच हुशार मुलगा उभा करूं नका. ज्यास पाठ होत नाहीं, त्याजकडे चटया अंथरण्याचें किंवा लहानांस सांभाळण्याचें काम द्या, आणि ती सेवाहि सर्वांसमक्ष नांवाजा.

ज्या लेंकरानें आईच्या प्रार्थनेंत आपलें नांव आभारानें उच्चारलेलें ऐकिलें, त्यास दुसऱ्याच्या दानाचाहि आनंद मानतां येतो. ज्या प्रभूनें पुष्कळ अवयवांचें एक शरीर केलें, तो आपल्या घरांस ही सुबुद्धि देवो. आमेन.