गरज कोणाची?

मनोरुग्णांच्या वॉर्डात रात्रीची ड्यूटी करणाऱ्या परिचारिकेने एक प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा. केसपेपरवर ‘गरज पडल्यास’ म्हणून लिहून ठेवलेलं इंजेक्शन मी भरते, तेव्हा ती गरज कोणाची असते? रुग्णाची की माझी?

वॉर्ड भरलेला असतो, माणसं कमी असतात, एकाच्या ओरडण्याने सगळे जागे होतात. इंजेक्शन दिलं की थोड्या वेळाने सामसूम होते आणि मी ‘रुग्ण शांत’ असं लिहिते. ते खोटं नसतं. पण पाच मिनिटं त्याच्याजवळ बसले असते तर सुईची वेळ आली असती का, हे मात्र त्या नोंदीतून कोणालाच कळत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की रुग्णाला शिक्षा म्हणून बांधता येणार नाही आणि केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणूनही नाही. दोरीला लावलेली ही अट मी सुईला लावते का? रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल तर औषध द्यायला उशीर करणं हीसुद्धा हेळसांडच, हे मी जाणून आहे. प्रश्न बाकीच्या रात्रींचा आहे.

हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी काहींच्या पायांत अशी तगमग सुरू होते की एका जागी बसवत नाही. माणूस येरझाऱ्या घालतो, उठबस करतो, चिडतो. वरवर पाहता आजारच वाढल्यासारखा दिसतो. ‘अस्वस्थ’ एवढंच लिहून मी मोकळी झाले, तर सकाळच्या राऊंडला डोस वाढू शकतो आणि तगमगही वाढते. ‘सिस्टर, या गोळीनेच होतंय’ असं तो सांगत असतो. हेच वाक्य मधुमेहाच्या रुग्णाने म्हटलं असतं तर मी लगेच डॉक्टरांना फोन केला असता. याचं बोलणं मात्र भ्रमाच्या खात्यात जातं. हे मला फार लागतं, कारण इथे कमी पडतो तो विश्वास, आणि तो ठेवायला जादा मनुष्यबळ लागत नाही.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे आम्ही शिकताना घोकलेलं असतं. दुसऱ्याच्या नावालाही ‘हो’ म्हणणारे रुग्ण असतात, म्हणून ओळख दोनदा पटवायची. गोळी गालात दडवली जाते, म्हणून तोंड उघडून बघायचं. हे सगळं हवंच. पण गोळी घशाखाली गेली की माझं लक्ष ट्रॉलीबरोबर पुढच्या खाटेकडे सरकतं, आणि धोका तर तिथून पुढे सुरू होतो. लिथियमची रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.२ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर एवढ्यातच ठेवायची असते. जुलाब लागले, पाणी कमी पडलं, अंगदुखीवर आयब्युप्रोफेन घेतलं, तर ती चढते. क्लोझापिन घेणाऱ्याचा घसा दुखून ताप आला तर पांढऱ्या पेशी तातडीने तपासाव्या लागतात.

घरी औषध देणाऱ्या नातेवाइकांनाही माझं सांगणं आहे. लिथियम घेणाऱ्याचे हात जास्त थरथरू लागले, बोलणं जड झालं, चालताना तोल जाऊ लागला किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारा. चहात कालवून औषध देऊ नका. आणि तो गोळीबद्दल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आम्हाला आणून दाखवा.