भूमध्य समुद्राकाठचे संगीत आणि शुद्धतेचा शोध

भूमध्य समुद्राला वीसहून अधिक देशांचे किनारे लागतात. या साऱ्या किनाऱ्यांचे मिळून एक संगीत आहे, ही कल्पना मात्र फार जुनी नाही. तिथले गाणारे-वाजवणारे आपल्या संगीताची ओळख शहरावरून, गुरूवरून, नाहीतर धर्मावरून सांगत. ‘भूमध्य सागरी संगीत’ ही ओळख घडली ती मुख्यतः विसाव्या शतकात, आणि तिला आकार देण्यात संगीतज्ञ, राजे, सरकारे, आकाशवाणी केंद्रे आणि तबकड्यांच्या कंपन्या यांचा हात गायकांपेक्षा मोठा होता. या घडणीत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. एका पिढीचे जाणकार ‘शुद्ध’ संगीताच्या शोधात निघतात आणि भेसळ म्हणून काही बाजूला सारतात. पुढची पिढी नेमके ते बाजूला सारलेलेच वारसा म्हणून उचलून घेते.

एकत्वाला आधार देणारे काही धागे खरोखरच आहेत. षड्ज, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम ही भैरवाच्या पूर्वांगातली स्वरसंगती अरबी आणि तुर्की संगीतात ‘हिजाझ’ या नावाने वावरते. बुझुकी हे तंतुवाद्य वाजवणारे ग्रीक वादकही तिला हिजाझच म्हणतात. ज्यूंच्या प्रार्थनागीतांत ती आहे, आणि स्पेनच्या फ्लामेंकोतही तिच्याशी जवळचे नाते सांगणारे स्वर कानी पडतात. पण समुद्राच्या पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागाही गायल्या जातात. ‘रास्त’ या मकामातला, म्हणजे रागासारख्या स्वररचनेतला, गंधार तसा आहे, ‘बयाती’तला रिषभही तसाच. पियानोच्या पट्टीवर या जागा नाहीत. हा वरवर तांत्रिक वाटणारा फरक पुढे मोठ्या वैचारिक वादाचे कारण ठरला.

शुद्धतेच्या कल्पनेचे सर्वांत जुने रूप अंदालुसियाच्या, म्हणजे मुस्लिम सत्तेखालच्या स्पेनच्या, आठवणीत सापडते. बगदादहून निघालेला झिर्याब हा गायक ८२२ मध्ये कोर्दोबाच्या दरबारी पोचला. त्याने ऊद या वाद्याला पाचवी तार जोडली आणि चोवीस नूबांची रचना केली, असे परंपरा सांगते. नूबा म्हणजे एकाच मकामात बांधलेली वाद्यरचनांची आणि गीतांची मालिका. ती संथ लयीत सुरू होते आणि द्रुत लयीत संपते. १४९२ मध्ये ग्रानाडाचे मुस्लिम राज्य पडले. १६०९ ते १६१४ या काळात उरलेल्या मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती करून घेतलेल्या मुसलमान, लोकांनाही स्पेनमधून हाकलण्यात आले, आणि फेझ, त्लेमसेन, ट्युनिस अशा शहरांत त्यांच्याबरोबर गाणेही गेले, असा समज दृढ झाला. झिर्याबची भव्य प्रतिमा ज्या ग्रंथामुळे सर्वांपर्यंत पोचली, तो अल-मक्करीने लिहिला तो मात्र सतराव्या शतकात, झिर्याबनंतर आठशे वर्षांनी. अल-मक्करी स्वतः त्लेमसेनचा होता. हातून गेलेल्या भूमीकडे पाहणाऱ्या या लेखकाने जुन्या इतिहासकारांच्या मजकुरातून एक आदर्श उभा केला. पुढे जे काही गायले गेले ते त्या आदर्शाचा उरलेला अंश मानले गेले. वस्तुतः ट्युनिसच्या ‘मालूफ’ या नूबा-परंपरेत तुर्की वाद्यरचनाही मुरलेल्या आहेत. आज मोरोक्कोत अकरा नूबा प्रचारात आहेत आणि ट्युनिशियात तेरा. चोवीसातल्या बाकीच्या हरवल्या, अशी हळहळ दोन्हीकडे आहे, आणि त्या हळहळीनेच हे संगीत जपले गेले, हेही तितकेच खरे.

युरोपच्या बाजूने असा शोध सुरू झाला तो ग्रानाडातच. जून १९२२ मध्ये अल्हांब्राच्या आवारात फ्लामेंकोतल्या कांते होंदो या गायनप्रकाराची स्पर्धा झाली. संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का तिच्या आयोजकांत होते. कॅफे आणि रंगमंच यांनी अंदालुसियाचे खोल, जुने गाणे बिघडवले, अशी त्यांची खात्री होती. म्हणून धंदेवाईक गायकांना स्पर्धेत प्रवेश नव्हता. बक्षिसे मिळाली त्यांत दिएगो बेर्मुदेझ हा म्हातारा होता आणि मानुएल ओर्तेगा हा जेमतेम बारा-तेरा वर्षांचा मुलगा. हाच मुलगा पुढे मानोलो काराकोल या नावाने लोला फ्लोरेस या गायिकेबरोबर रंगमंच गाजवणारा, वाद्यवृंदाच्या साथीने गाणारा तारा झाला. शुद्धतेच्या स्पर्धेने ज्याला गौरवले त्याने आयोजकांना नको असलेल्या वाटेनेच फ्लामेंकोला नवे श्रोते मिळवून दिले. आणि आज जुन्या पिढीचा अस्सल गायक म्हणून त्याच्याच तबकड्या ऐकल्या जातात.

फ्लामेंकोचा विषय निघाला की भारताचे नाव येतेच. जिप्सी म्हणून ओळखल्या गेलेल्या रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे, त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले, आणि स्पेनमध्ये त्यांची लेखी नोंद १४२५ पासून मिळते. एवढे पक्के आहे. पण त्यावरून फ्लामेंको म्हणजे परदेशी गेलेले राजस्थानी गाणे, असा निष्कर्ष काढता येत नाही. कॅस्टिलियन गीते, अरबी-अंदालुसी वळणे, आफ्रिका आणि अमेरिकेतून आलेल्या लयी असे बरेच काही त्यात मिसळले आहे. शोध पूर्वेकडे मूळ धुंडाळत राहिला की काडीझ आणि सेव्हिल या बंदरांच्या शहरांत प्रत्यक्ष घडलेली निर्मिती नजरेआड होते.

या सगळ्या विचारांची खरी टक्कर झाली ती कैरोत. इजिप्तचा राजा पहिला फुआद याने १९३२ च्या मार्च-एप्रिलमध्ये अरबी संगीत परिषद बोलावली. बेला बार्टोक, पॉल हिंडेमिथ, कुर्ट झाक्स, एरिश फॉन होर्नबोस्टेल अशी युरोपातली मोठी नावे आली. मोरोक्कोपासून इराकपर्यंतची गायक-वादक मंडळेही आली. परिषदेच्या तयारीत ट्युनिसजवळच्या सिदी बू सईद येथे राहणाऱ्या बॅरन रोडोल्फ देर्लांजे या अभ्यासकाचा मोठा वाटा होता. आजारपणामुळे त्याला स्वतःला हजर राहता आले नाही. विषयवार सात समित्या बसल्या. संगीतज्ञ रॉबर्ट लाखमान यांच्या देखरेखीखाली ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने केलेली ध्वनिमुद्रणे आजही अरबी संगीताच्या अभ्यासाचा पाया मानली जातात. इराकच्या चमूत गायक मोहम्मद अल-कुबंची मुस्लिम होता आणि साथीदार वादक बहुतेक ज्यू होते. वीस वर्षांत बगदादमधला जवळजवळ सगळा ज्यू समाज देशाबाहेर गेला. त्यामुळे या तबकड्यांत एक संपूर्ण सांगीतिक सहजीवन टिपले गेले आहे.

सप्तकाचे चोवीस समान भाग करावेत काय, हा तिथला एक वाद. कागदावर सोयीचे असलेले ते माप प्रत्यक्ष गाणाऱ्यांच्या कानाला पटेना. दुसरा वाद पियानोचा. अनेक इजिप्शियन सुधारकांना पियानो हवा होता, कारण त्यांना आधुनिक राष्ट्राचे संगीत घडवायचे होते. युरोपीय पाहुण्यांपैकी बहुतेकांना तो नको होता, कारण त्यांना अस्पर्शित पूर्व ऐकायची होती. मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुंबई इलाख्यातले अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली होती. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर कडाक्याची चर्चा झाली. तीही परिषद एका संस्थानिकाच्याच आश्रयाने भरली होती. पुढे आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला दूरच ठेवले. मोजपट्टी आणि गळा यांच्यातले हे भांडण दोन्ही ठिकाणी अभ्यासकांनी निकालात काढले नाही. ते मागे पडले ते श्रोत्यांच्या निवडीमुळे.

कैरोत ती निवड मोहम्मद अब्देल वहाब आणि उम्म कुलथुम यांच्या बाजूने होती. अब्देल वहाबने चेलो, पाश्चात्त्य नृत्यांच्या लयी आणि मोठा वाद्यवृंद अरबी गाण्यात आणला. उम्म कुलथुम लहानपणी वडिलांबरोबर खेड्यापाड्यांत धार्मिक गीते गात असे. कुराणपठणातून आलेले स्वच्छ उच्चार तिने शेवटपर्यंत सोडले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी इजिप्तच्या रेडिओवरून तिची मैफल प्रसारित होई आणि मोरोक्कोपासून आखातापर्यंत ऐकली जाई. एकेक गाणे तासभर चाले. श्रोत्यांनी दाद दिली की ती एखादी ओळ पुन्हा घेई, दर वेळी वेगळ्या वळणाने. १९६४ मध्ये दोघांनी एकत्र येऊन केलेल्या ‘इन्ता ओम्री’त इलेक्ट्रिक गिटार होती. परिषदेतल्या शुद्धतावाद्यांना जी सरमिसळ भीतिदायक वाटली असती, तीच आज ‘अभिजात अरबी संगीत’ या नावाखाली शिकवली जाते.

तुर्कस्तानात संगीताच्या शुद्धीकरणाचा प्रयत्न सरकारी सक्तीने झाला. १९३४ मध्ये सरकारने ऑटोमन परंपरेचे संगीत रेडिओवर बंद केले. ही बंदी सुमारे वीस महिने टिकली. अनातोलियाच्या लोकगीतांना पाश्चात्त्य हार्मनीची जोड देऊन राष्ट्रीय संगीत घडवायचे, असा बेत होता, आणि लोकगीते गोळा करायला १९३६ मध्ये बार्टोकही आला. श्रोत्यांनी मात्र रेडिओचा काटा कैरोकडे फिरवला. इजिप्शियन चित्रपटही तिथे अफाट लोकप्रिय झाले. पुढे १९६० नंतर इस्तंबूलच्या झोपडवस्त्यांतून ‘अराबेस्क’ नावाचे गाणे उभे राहिले, त्याची मुळे या काळात आहेत.

ग्रीसची कहाणी सर्वांत बोलकी आहे. सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना शहर जळाले आणि १९२३ च्या लोझानच्या करारानुसार लोकसंख्येची अदलाबदल झाली. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि ग्रीसमधल्या मुसलमानांना तुर्कस्तानात जावे लागले. स्मिर्नाच्या कॅफेंतले कसलेले गायक पिरिअस बंदराच्या निर्वासित वस्त्यांत येऊन पडले. तिथे गोदीकामगार, तुरुंगवासी आणि हशीश ओढणाऱ्यांच्या अड्ड्यांतले बुझुकीचे गाणे आधीपासून होते. या दोहोंच्या भेटीतून रेबेतिकोला बहर आला. रोझा एस्केनाझी ही ज्यू गायिका ग्रीक आणि तुर्की दोन्ही भाषांत गाई. मार्कोस वामवाकारिस कत्तलखान्यात काम करता करता बुझुकी शिकला. नऊ मात्रांचा झेइबेकिको हा या गाण्यांचा कणा. तो मूळचा अनातोलियातल्या झेइबेक लढवय्यांचा नाच.

१९३६ नंतर मेताक्सासच्या हुकूमशाहीने या गाण्यांवर सेन्सॉर बसवला. हशीशचे उल्लेख गेले, आणि फार ‘तुर्की’ वाटणारे आलापही गेले. डाव्या पक्षातल्या अनेकांनाही हे गाणे हताश आणि अधःपतित वाटे. जानेवारी १९४९ मध्ये, यादवी युद्ध चालू असतानाच, तेवीस वर्षांच्या मानोस हाजिदाकिस या संगीतकाराने अथेन्समध्ये भाषण देऊन रेबेतिकोची बाजू मांडली. सुशिक्षित ग्रीकांना तो धक्का होता. संगीतकार मिकिस थेओदोराकिसने यानिस रित्सोसच्या ‘एपिताफिओस’ या काव्याला चाल लावली आणि १९६० मध्ये ते लोकगायक बिथिकोत्सिसच्या आवाजात, मानोलिस हिओतिसच्या बुझुकीसह मुद्रित केले. चार वर्षांनी ‘झोर्बा द ग्रीक’ चित्रपट आला आणि बुझुकी जगभर ग्रीसची खूण झाली. मात्र तोवर हिओतिसने बुझुकीला तारांची चौथी जोडी जोडून तिला कॉर्ड वाजवण्यास सोपे केले होते. जगाने ग्रीसचे म्हणून ओळखलेले वाद्य वामवाकारिसच्या तीनजोडी वाद्याहून बरेच वेगळे होते. १९७० च्या दशकात तरुणांनी जुन्या तबकड्या शोधायला सुरुवात केली, तेव्हा तीनजोडी बुझुकी पुन्हा बाहेर आली.

इटलीतही हाच क्रम दिसतो. तिथे अ‍ॅलन लोमॅक्स आणि दिएगो कार्पितेला या लोकसंगीत-संग्राहकांनी १९५४-५५ मध्ये लोकगीतांचे मोठे ध्वनिमुद्रण केले. १९५९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ एर्नेस्तो दे मार्तिनो सालेंतो भागात विषारी कोळी चावल्याच्या श्रद्धेतून होणाऱ्या संगीतोपचारांचा अभ्यास करत होता. तेव्हा त्या प्रथेकडे मागासलेपणाची खूण म्हणूनच पाहिले जाई. १९९८ पासून त्याच भागात, मेलपिन्यानो गावी, त्याच उपचारांशी जोडलेल्या पिझ्झिका या नृत्यसंगीताचा ‘ला नोत्ते देल्ला तारांता’ हा महोत्सव भरतो आणि त्याला प्रचंड गर्दी होते.

अशा तुकड्यांना जाणीवपूर्वक एका समुद्राशी जोडणारे काम एका गायकाने केले. १९८४ मध्ये जिनोआच्या फाब्रित्सिओ दे आंद्रेने संगीतकार माउरो पागानीबरोबर ‘क्रेउझा दे मा’ ही तबकडी काढली. गाणी सगळी जिनोआच्या बोलीत, सोबतीला ऊद आणि बुझुकीसारखी वाद्ये. त्यातले एक गाणे बॉम्बवर्षाव झेललेल्या लेबनॉनमधल्या सिदोन शहराबद्दल आहे, तर एक कैद होऊन पुढे ऑटोमन सरदार झालेल्या जिनोआच्या माणसाबद्दल. भूमध्य समुद्र म्हणजे बंदरे, खलाशी आणि युद्धे यांनी विणलेली एक जागा, हा विचार इथे संपूर्ण संगीतकृती बनून आला. शुद्धतेचा दावा त्यात कुठेच नाही, आणि म्हणूनच ही कृती आधीच्या अनेक परिषदांपेक्षा सत्याच्या जवळ जाते.

तीनच वर्षांनी, १९८७ मध्ये, लंडनच्या एका पबमध्ये छोट्या तबकडी कंपन्यांच्या लोकांनी दुकानातल्या फळीसाठी ‘वर्ल्ड म्युझिक’ हे नाव ठरवले. त्या फळीवर अल्जीरियाची राई लवकरच सर्वांत ठळक झाली. ओरान बंदरात शेखा रिमितीसारख्या स्त्रियांनी दारू, प्रेम आणि दुःख यांविषयी उघडपणे गायलेले हे गाणे सरकारी माध्यमांनी बराच काळ टाळले. १९८५ मध्ये ओरानला आणि १९८६ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यीला राईचे महोत्सव झाले. १९९२ चे राई गायक खालेदचे ‘दीदी’ भारतातही रस्तोरस्ती वाजले. पण यश आणि सुरक्षितता एकत्र आली नाहीत. यादवी हिंसाचारात २९ सप्टेंबर १९९४ रोजी ओरानमध्ये शेब हसनी या राई गायकाची गोळ्या घालून हत्या झाली. तो सव्वीस वर्षांचा होता, आणि त्याची गाणी बहुतेक प्रेमाची होती.

युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१० मध्ये फ्लामेंको, २०१७ मध्ये रेबेतिको आणि २०२२ मध्ये राई दाखल झाले. या तिन्ही प्रकारांना एके काळी गुत्त्यातले गाणे म्हणून हिणवले गेले होते. इकडे कैरोच्या गरीब वस्त्यांत लग्नाच्या मांडवांतून आणि स्वस्त संगणकांवरून ‘महरगनात’ नावाचे नवे गाणे उभे राहिले आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कैरोच्या स्टेडियममधल्या एका कार्यक्रमात त्यातल्या गाण्यात दारू आणि हशीशचा उल्लेख झाला, आणि दोनच दिवसांत इजिप्तच्या संगीतकार संघटनेने हा प्रकार जाहीर कार्यक्रमांत गाण्यावर बंदी घातली. ती गाणी टॅक्सींत, होड्यांवर आणि मोबाइलवर वाजतच राहिली.