आवड आधी की उमज आधी?

दहावीचा निकाल लागला की ‘पोराला सायन्सची आवड आहे’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की विज्ञानात गुण बरे पडलेत आणि डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं तर वाट त्याच शाखेतून जाते. हा विज्ञानाबद्दलचा आदर झाला. आवड वेगळी, आणि विषय समजणं त्याहून वेगळं.

नॉर्वेचे विज्ञान-शिक्षणाचे अभ्यासक स्वेन श्योबर्ग यांनी सुमारे 40 देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांना विज्ञानाविषयी काय वाटतं, हे विचारलं होतं. शाळेतलं विज्ञान इतर विषयांपेक्षा जास्त आवडतं, असं युगांडा, घाना, बांगलादेशातली मुलं उत्साहाने सांगत होती. नॉर्वे आणि जपानची मुलं नाकं मुरडत होती. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचण्यांतही असंच दिसतं. एकाच देशातली मुलं पाहिली तर आवड असणाऱ्यांना साधारणपणे गुण जास्त पडतात. पण देशांच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की भरघोस गुणांच्या जपान-कोरियात आवड कमी भरते. म्हणजे आवड निर्माण केली की शिकणं आपोआप होईल, हा आपला लाडका हिशेब कच्चा आहे.

तरी आपण त्याच हिशेबाने चालतो. विज्ञान प्रदर्शन भरवायचं, खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतून ज्वालामुखी फेसाळवायचा, मुलांनी टाळ्या वाजवायच्या. त्यात वाईट काही नाही. पण सुझॅन हिडी आणि अ‍ॅन रेनिंजर या अभ्यासकांनी 2006 मध्ये आवडीच्या वाढीचे चार टप्पे मांडले, त्यांतला हा फक्त पहिला. बाहेरच्या निमित्ताने चाळवलेलं कुतूहल पुढे टिकायला हाताला काम लागतं, वेळ लागतो, आणि ‘हे मला जमतंय’ हा अनुभव लागतो. माझ्या मते या शेवटच्या गोष्टीकडे आपलं सर्वांत कमी लक्ष आहे. थोडं उमजलं की आवड लागते, आणि आवड लागली की आणखी उमजून घ्यावंसं वाटतं. सुरुवात बहुधा उमजण्यापासूनच होते.

मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत उमजण्यापासूनच सुरुवात करणारा विज्ञान-शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून आलेले अनिल सद्गोपाल, त्यांची ‘किशोर भारती’ ही संस्था आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर त्यामागे होते. 1982 पासून ‘एकलव्य’ या संस्थेने तो सांभाळला. सहावी ते आठवीची मुलं टोळ्या करून स्वतः प्रयोग करत, दिसेल ते वहीत लिहीत आणि निष्कर्षावरून भांडत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. परीक्षेला पुस्तक आणि आपली वही उघडी ठेवायची मुभा होती; शिवाय प्रयोगाची परीक्षा वेगळी. मुलं ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक माणसाला पत्रं लिहून शंका विचारत, आणि त्याच्या नावाने उत्तरं येत. खेड्यातलं पोर पोस्टकार्डावर आपणहून प्रश्न लिहून पाठवतं, याला मी आवड म्हणेन. प्रश्नावलीतल्या ‘पूर्णपणे सहमत’वरच्या खुणेला नाही.

आपल्या दहावीत प्रयोगांना गुण आहेत, ते बहुतेकांना पडतातही. प्रयोगवही मात्र पुष्कळदा गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरलेली असते. निरीक्षणांचे आकडे आधी ठरतात आणि प्रयोग झाला तर नंतर होतो. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांनी हौसेने सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत प्रयोग आहे, प्रकल्प आहे. तिचेही आता क्लास निघालेत. कॉलेज आणि क्लास एकत्र चालवणाऱ्या अकरावीच्या ‘इंटिग्रेटेड’वाल्यांना तर नीट-सीईटीच्या सरावातून प्रयोगशाळेकडे फिरकायला सवड नसते.

यावर शिक्षक म्हणतात, साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, प्रयोग कधी करायचे? तक्रार खरी आहे. पण होशंगाबादच्या शाळा काही श्रीमंत नव्हत्या. शिक्षकही साधेच, बरेचसे विज्ञान न शिकलेले. फरक एवढाच की सुट्टीतल्या प्रशिक्षणात ते प्रत्येक प्रयोग आधी स्वतः करून बघत, फसला तर विद्यापीठातल्या प्राध्यापकांशी हुज्जत घालत, आणि दर महिन्याला एकत्र बसून वर्गात काय अडलं ते सांगत. 2002 मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तेव्हा तो तीस वर्षं चाललेला होता.