अवयवाची ओळख

जुन्या मोटारीच्या इंजिनातून सुटा झालेला एखादा भाग हाती आला, आणि तो कोणत्या मोटारीचा हे कोणासही ठाऊक नसले, तर त्यास ओळखावे कसे? हा प्रश्न मिस्त्र्याचा आहे, तत्त्वज्ञाचा नव्हे, असे प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘ओळखणे’ या क्रियेत काय काय अंतर्भूत असते, आणि खोटी ओळख ठरविल्याने कोणाचे काय बिघडते, हे त्या तेलकट लोखंडी तुकड्याइतक्या स्पष्टपणे दाखविणारे दुसरे उदाहरण आम्हांस तरी सापडलेले नाही.

असा भाग स्वतःविषयी तीन प्रकारची साक्ष देतो. पहिली साक्ष अक्षरांची. बिडाच्या ओतकामावर बहुधा काही आकडे व कारखान्याची खूण उमटलेली असते. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर ज्या ‘मॉडेल टी’ मोटारी तयार केल्या, त्यांच्या इंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीखदेखील आढळते. पण या साक्षीस मर्यादा आहे. ओतकामावरील आकडा हा पुष्कळदा साच्याचा आकडा असतो. एकाच साच्यातून निघालेले दोन तुकडे पुढे निरनिराळ्या प्रकारे कातले व भोके पाडून सिद्ध केले, तर ते दोन भिन्न भाग होतात. अक्षरे जन्म सांगतात, जीवन सांगत नाहीत.

दुसरी साक्ष आकाराची. व तीत आट्यांची साक्ष सर्वांत बारीक. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली इंग्लंडात आट्यांचे जे प्रमाण सुचविले त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली सुचविला तो ६० अंशांचा. हा पाच अंशांचा भेद डोळ्यास दिसत नाही, परंतु दातेरी पात्यांचे माप लावले की लोखंड आपला देश सांगू लागते. तिसरी साक्ष झिजेची. जेथे चकाकी आहे तेथे काहीतरी घासत होते. जेथे काजळी धरली आहे तेथे ज्वाळेशी संबंध होता. जेथे झीज एकाच अंगास आहे तेथे भार एकाच बाजूने येत होता. जन्माविषयी मौन पाळणारा तुकडाही आपण काय काम केले हे लपवू शकत नाही.

या तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळतील तर प्रश्नच नाही. त्या जुळत नाहीत तेव्हा परीक्षकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. १९२० नंतरच्या दशकातील मॉरिस मोटारींचे उदाहरण घ्या. त्यांची इंजिने कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात होत, व तो कारखाना १९२३ साली मॉरिस यांनी विकत घेतला. तेथील यंत्रे फ्रेंच पद्धतीची, म्हणून बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे; पण इंग्लंडातील मिस्त्र्यांच्या हातातले पाने चालावेत म्हणून त्याच बोल्टांची डोकी मात्र व्हिटवर्थच्या मापाची! जो केवळ डोक्यास पाना लावून पाहील तो ‘हा इंग्रजी’ असा निकाल देऊन मोकळा होईल; आणि त्याचा निकाल सर्वस्वी खोटा ठरेल.

कोणी म्हणेल, एका बोल्टाचे नाव चुकले तर एवढा काय अनर्थ? अनर्थ असा की, चुकीच्या आट्याचा बोल्ट एकदोन फेरे अगदी सुखाने फिरतो. तेवढ्याने आपला तर्क खरा ठरला असे वाटते. मग तो अडतो. आणि येथेच मनुष्याचा अहंकार पान्यास जोर देतो. त्या जोराने बोल्ट जातो तो जातोच, पण ठोकळ्यातील आटेही खरवडून निघतात. आणि ठोकळा दुसरा मिळत नाही. खोटे नाव देणे हा केवळ ज्ञानातील दोष नव्हे; ते नाव खरे करून दाखविण्याच्या हट्टात हिंसा आहे.

आता याहून खोल प्रश्न. भागास त्याचे भागपण कोठून येते? ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात नागसेन राजास रथाविषयी विचारतो : दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येकास नकार मिळतो, आणि ‘रथ’ हे त्या सर्वांच्या आश्रयाने चालणारे केवळ नाव ठरते. आमचे नैयायिक हे मान्य करीत नाहीत. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’ खरोखरच अस्तित्वात असतो, व तो अवयवांच्या ठायी समवायाने राहतो. अनोळखी भाग ओळखू पाहणारा मनुष्य, त्यास ठाऊक असो वा नसो, नैयायिकांच्या पक्षाचा असतो. जी मोटार समोर नाही, कदाचित कोठेच उरलेली नाही, तिच्यावाचून हातातील तुकड्यास अर्थ नाही, असे तो मानतो. परंतु मोटार रस्त्यावर चालू लागली, आणि तिचे भाग एकामागून एक बदलत गेले, की नागसेनाचा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यास या प्रश्नाचे उदाहरण दूर शोधावयास नको. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या २ फूट ६ इंच रुंदीच्या लोहमार्गावर, जिला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतात त्या गाडीस, १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून जोडले जात असे. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. सत्तर वर्षे धावलेल्या इंजिनात प्रत्येक भाग जन्माच्या वेळचाच राहिला असेल, हे संभवतच नाही. ज्या मिस्त्र्यांनी कानस चालवून, पितळ ओतून, लेथवर कातून त्यास चालते ठेवले, त्यांनी केलेल्या भागांवर मँचेस्टरची खूण नसणार. मग ते भाग परके म्हणावयाचे काय?

कायद्यासही या प्रश्नाला उत्तर द्यावे लागले आहे. भारत सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांस निराळी नोंदणी व ‘व्हीए’ ही अक्षरे देण्याची सोय केली. अट अशी की, वाहन मूळ रूपात राखलेले असावे; सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. कायद्यास कोठेतरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ‘मूळ रूप’ या शब्दांचा मोह वाईट आहे. मूळ दिसावे म्हणून नव्या भागावर जुना आकडा ठोकणारे हात त्याच मोहातून निघतात. आणि मूळ करावयाचे म्हणून एखाद्या अज्ञात मिस्त्र्याने घडविलेला, चाळीस वर्षे इमानाने चाललेला भाग भंगारात फेकणारे हातही त्यातूनच निघतात.

आमचे मत असे की, भाग बदलणे हे असत्य नव्हे; बदल लपविणे हे असत्य होय. वस्तूची अखंडता तिच्या द्रव्यात नसून तिच्या इतिहासाच्या प्रामाणिक जपणुकीत असते. जो भाग मँचेस्टरचा नाही, पण ज्याने मँचेस्टरच्या इंजिनाचा भार वाहिला, तो त्या इंजिनाचाच. फक्त त्याच्या चिठ्ठीवर ‘मँचेस्टर’ असे लिहू नये. ‘येथे, गरजेपोटी, हाताने घडविला’ असे लिहावे. यात इंजिनाची अप्रतिष्ठा नाही, आणि ज्याचे नाव कोणी टिपून ठेवले नाही त्या कारागिरास थोडा तरी न्याय आहे.

हा नियम लोखंडापुरताच आहे, असे आम्हांस वाटत नाही. अपरिचित मनुष्य दारी आला की त्याचे आडनाव, गाव, बोली एवढ्या अक्षरांवरून त्यास एखाद्या खणात बसविण्याची घाई आपण सर्वजण करतो. डोक्यास पाना बसला की आटेही त्याच मापाचे असणार, असे गृहीत धरतो. न बसल्यास दोष त्याच्या माथी मारून जोर लावतो. त्याची झीज कोणत्या अंगास आहे, कोणता भार त्याने इतकी वर्षे वाहिला, हे पाहण्याइतका वेळ मात्र आपणांपाशी नसतो.

चांगला मिस्त्री ज्याचा निर्णय होत नाही तो भाग तेल लावून, फडक्यात गुंडाळून, फळीवर ठेवतो व चिठ्ठीवर ‘अज्ञात’ असे लिहितो. तो त्यास फेकीत नाही, आणि खोटे नावही देत नाही. त्या एका शब्दात ज्ञानाची मर्यादा आहे, वस्तूविषयी आदर आहे, आणि पुढे येणाऱ्या अधिक जाणत्यासाठी राखलेली जागाही आहे.