रजेचे कारण

लग्नाला वीस वर्षे झाल्यावर नवरा-बायकोने दोघांनीच कुठे फिरायला जावे की नाही, याबद्दल शास्त्रकार काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मी पडलो बी. कॉम. प्रत्येक नावेला जमा असते, एवढेच आमचे शास्त्र.

त्याचं असं झालं. आमच्या काउंटरवरचा एक नवा पोरगा बायकोला घेऊन नाशिकच्या वाइनरीत राहून आला. "काका, काकूंना घेऊन एकदा जाच," म्हणाला. 'काका' झोंबलं, पण कल्पना आवडली.

नाशिकची द्राक्षं आम्ही जन्मभर मिठाच्या पाण्यात धुऊन खाल्ली. पण १९९९ साली तिथे सुला नावाची वाइनरी निघाली, २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि ज्या गावी आमची आजी रामकुंडात बुडी मारायला जायची, तिथे लोक वाइनचा घोट तोंडात घोळवून थुंकायला जाऊ लागले. पैसे मोजून थुंकायचं! तरी मी चौकशी केली. वाइनची द्राक्षं म्हणे खायच्या द्राक्षांहून लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. म्हटलं, हे आपल्याच वयाचं फळ दिसतंय.

काढणीचे दिवस जानेवारी ते मार्च. मार्चमध्ये बँकेतल्या माणसाला स्वतःच्या लग्नालासुद्धा रजा मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी ठरला. रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तिथे 'प्रेम' वाचून सही करणारा मॅनेजर अजून जन्मायचाय. मी 'घरगुती काम' लिहिलं. आणि घरी आईला सांगितलं, "त्र्यंबकेश्वराला जाऊन येतो."

त्र्यंबक नाशिकहून जेमतेम तीस किलोमीटर. म्हणजे खोटं असलं तर तीसच किलोमीटरचं.

"बरं झालं," आई म्हणाली. "मीही येते. तुझे वडील गेल्यापासून माझं त्र्यंबकला जाणंच झालं नाही."

संध्याकाळपर्यंत तिची पिशवी भरून दाराशी उभी!

रात्री बायको म्हणाली, "अहो, आता सांगा की तुमची रजा नामंजूर झाली." सोपं होतं. पण मला कॉलेजातला एक धडा आठवला. एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघाली की तेरीज बरोबर जुळते, आणि म्हणूनच ती चूक कधी सापडत नाही. माझ्या मनात आलं, आपण नेमकं लपवतोय तरी काय? वाइन? ती तर आम्ही दोघं मिळून चमचाभर पिणार. मला लाज वाटत होती ती दारूची नव्हे, बायकोची! आपल्याकडे घराबाहेर पडायला देव चालतो, डॉक्टर चालतो, लांबच्या मावशीच्या नातवाची मुंज चालते. 'हिच्याशी दोन दिवस निवांत बोलायचंय' हे कारण कुठल्याच रकान्यात बसत नाही. वीस वर्षांत मी ते हिलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी आईला खरं काय ते सांगून टाकलं.

ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एवढंच ना? मग देवाला कशाला मध्ये घातलंस?" आणि पिशवी उचलता उचलता, "आम्हीसुद्धा एकदा महाबळेश्वरला गेलो होतो. तुझ्या आजीला सांगितलं, ह्यांचं ऑफिसचं काम आहे. परत आल्यावर त्यांनी विचारलं, 'झालं का रे काम?' ह्यांना उत्तरच सुचेना." आई हसली. वडील गेल्यानंतर त्यांच्या आठवणीने तिला हसताना मी प्रथमच पाहत होतो. तीस किलोमीटरचं खोटं पचलं असतं, तर हे हसू मला कधीच दिसलं नसतं.

आम्ही नाशिकला जाऊन आलो. वाइन आंबट होती. बाकीचा तपशील घरगुती आहे.

एप्रिलमध्ये आईला घेऊन त्र्यंबकला जायचं ठरवलं. अर्जात अगदी खरं कारण लिहिलं : 'आईसोबत देवदर्शन'.

मॅनेजरने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ते ठीक आहे हो. पण खरं कारण काय?"